जॅक काढून ठेवणे

दादाला ठाण्यातल्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायला जायचं होतं. डोंबिवलीच्या एका केमिकल कारखान्यात तो हंगामी कामगार होता. ऑर्केस्ट्रात घेतलं, तर कारखान्यात कायम होण्याचा अर्ज भरायचाच नाही, हे त्याने फक्त मला सांगितलं होतं.

त्याच्याकडे मित्राच्या मामाने बोटीवरून आणलेलं डिस्टॉर्शन पेडल होतं. पायाने दाबलं की लाल दिवा लागे आणि गिटारचा आवाज दांडगा, खरखरीत होई. ऑर्केस्ट्राच्या मालकाला तोच आवाज हवा होता.

पेडल नऊ व्होल्टच्या चौकोनी सेलवर चाले. सेलऐवजी घरच्या विजेवर चालवायला एलिमिनेटर लावून पाहिला, पण त्याने सतत घूं असा आवाज येई. म्हणून सेल. आणि सेल टिकत नव्हते.

मी कॉलेजात होते, पण घरातल्या याद्या तेव्हाही माझ्याकडेच. सेल कधी घातला, कधी संपला, बॅग कुणी भरली, सगळं वहीत लिहीत असे. दादा सेल जिभेला लावून बघायचा. चरचरलं नाही की स्टेशनजवळच्या दुकानात भांडायला जायचा.

"जुना माल देता तुम्ही."

"अरे, तू सेल वापरतोस की खातोस?" दुकानदार म्हणायचा.

ट्रायल रविवारी होती. मी बुधवारीच बॅग भरली. नवा सेल घातला, दिवा बंद असल्याचं दोनदा पाहिलं आणि ऐनवेळी धांदल नको म्हणून गिटारच्या आणि स्पीकरच्या दोन्ही वायरींचे जॅक, म्हणजे टोकाच्या पिना, पेडलला लावूनच ठेवले. दुकानात तो एकच सेल उरला होता, म्हणून जोडीला एलिमिनेटर. यादीवर खुणा केल्या.

हॉलमध्ये पहिलं कडवं नीट गेलं. सोलोच्या जागी दादाने पेडल दाबलं. दिवा मंदावला, आवाज फुटत बारीक झाला आणि गेला. मी एलिमिनेटर काढून दिला. घूं सुरू झालं.

"ही माशी बंद होते का रे?" मालकाने विचारलं.

"नाही, साहेब."

"मग तू बंद कर."

सगळे हसले. मग तो जरा मऊपणे म्हणाला, "सामान ठीक करून दिवाळीनंतर ये."

दिवाळीच्या सफाईत पेडलसोबत आलेलं माहितीपत्रक सापडलं. चुरगळू नये म्हणून मीच ते न वाचता फोल्डरमध्ये घातलं होतं. त्यात लिहिलं होतं की गिटारचा जॅक आत असेपर्यंत दिवा बंद असला तरी सेल संपत राहतो. काम झालं की जॅक काढून ठेवावा. मी वही उघडली. दादाने घाईत वायरी उपसून सामान कोंबलं होतं तेव्हाचे सेल टिकले होते. मी भरलेल्या बॅगेतले सगळे गेले होते.

सांगायला गेले, तर तो कारखान्याचा अर्ज भरत होता.

"परत नाही जात आता," तो म्हणाला. "माझ्या हातात सेलसुद्धा जगत नाही गं."

"दुसऱ्या दुकानातून आणू," मी म्हटलं.

"राहू दे."

मी वहीत लिहिलं: दादाला सांगणे. डिसेंबरअखेर राहिलेली कामं नव्या डायरीत उतरवायची माझी पद्धत आहे. ती ओळ मी दर वर्षी उतरवली. गिटार कपाटावर गेली, तारा गंजल्या. सातव्या वर्षी कारखान्यात पंपाच्या पट्ट्यात सापडून दादाच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली.

त्या डिसेंबरात मी ती ओळ उतरवली नाही.