व्याह्यांचा जबाब आणि कॅराव्हॅनचा फ्रिज

ती घटना आठवली की मला आजही आधी हसू येते आणि मग अंगावर काटा उभा राहतो. पोलीस खात्यात हयात गेली. चोर, दरोडेखोर, सभ्य चेहऱ्याचे भामटे, सगळ्यांचे जबाब घेतले. पण सर्वांत अवघड जबाब मी निवृत्तीनंतर घेतला, दुबईत, आणि तोही माझ्या व्याह्यांचा. त्यात मी मुलीचा बाप. लग्नात ज्यांच्या पायांवर पाणी घातले, त्यांना संशयित म्हणून समोर कसे बसवायचे?

माझी मुलगी आणि जावई दुबईच्या ‘बर दुबई’ भागात राहतात. जावयाची आई वारल्यापासून त्याचे वडीलही त्यांच्याजवळच असतात. घरात सगळे त्यांना आबा म्हणतात. आबा म्हणजे पुण्याचे पक्के शाकाहारी, मितभाषी, शिष्टाचाराचे मूर्तिमंत पुस्तक. आम्ही कोकणातले, मासे आणि मोठा आवाज दोन्ही आवडणारे. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर आबांनी सिगारेट सोडली होती. निदान जावयाला तसे वचन दिले होते.

हिवाळ्यात मी आणि माझी पत्नी लेकीकडे गेलो, तेव्हा जावयाने नुकतीच एक जुनी कॅराव्हॅन घेतली होती. गाडीमागे ओढायचे ते चाकांवरचे घर. अमेरिकेत बनलेली, तिथे वापरलेली, मग जहाजाने इकडे आलेली. आत पलंग, ओटा, गॅस, फ्रिज, सगळे काही. एका रविवारी आम्ही ती घेऊन शारजाच्या वाळवंटात गेलो. जावयाचा एक वसईकर मित्रही सोबत होता. तो मोठ्या हॉटेलात कॅप्टन, म्हणजे वाढप्यांचा प्रमुख आहे, त्यामुळे शेगडीचा ताबा त्याने न विचारताच घेतला.

आम्ही सगळे बाहेर मंडपाखाली. आबा मात्र ऊन नको म्हणून आत बसले होते. दुपारी जेवणे उरकली आणि कोणीतरी ओरडले. कॅराव्हॅनच्या मागच्या बाजूने, बाहेरच्या जाळीतून, ज्वाळा येत होत्या. वसईकराने अग्निशामक सिलिंडर रिकामा केला, आम्ही बादल्यांनी वाळू मारली. सिव्हिल डिफेन्सची, म्हणजे तिथल्या अग्निशमन दलाची, गाडी येईपर्यंत आग आटोक्यात आली होती. एक भिंत आणि ओटा जळाला. आबा त्या वेळी बाहेर झाडाखाली होते, म्हणून वाचले. तपासायला आलेल्यांनी अपघात म्हणून नोंद केली आणि गाडी नीट तपासून घ्या, असे बजावून ते गेले.

पण घरात प्रकरण मिटले नाही. दुसऱ्या दिवशी वसईकर चहाला आला आणि मला बाल्कनीत घेऊन गेला. खबरी लोक असेच बाजूला घेतात, देश कोणताही असो.

"अंकल, मी ब्लेम नाही करत हां. पण आबांना मी त्या झाडामागे बघितलं, बरेच वेळा. आत जायचे, परत बाहेर यायचे. हात असा तोंडाला. स्मोकच करत असणार ना?"

हेच त्याने जावयालाही सांगितले होते. थोटूक वाऱ्याने उडून गाडीखालच्या वाळल्या गवतात पडले असणार, असा जावयाचा तर्क. त्याने वडिलांना विचारले. आबा म्हणाले, "मी सिगारेट ओढली नाही." मग वारंवार बाहेर का जात होतात? यावर आबा गप्प. जावयाचा पारा चढला.

"बाबा, घरात लहान मूल आहे. मला हे टेन्शन नको. खलास. तुमचं पुण्याचं तिकीट काढतो."

पुण्यात आबांचे रिकामे घर होते आणि एक कुलूप. नातीला शाळेच्या बसपर्यंत सोडणे, हा त्यांचा दिवसातला सर्वांत मोठा आनंद. तो जाणार होता. तरीही माणूस तोंड उघडेना. माझी मुलगी माझ्याकडे आली. "पप्पा, तुम्ही एवढे गुन्हे उघडकीला आणलेत. आबांना बोलतं करा ना."

चौकशीची खोली म्हणून मी अब्रा निवडली. खाडी ओलांडणारी ती लाकडी होडी. तिच्यात एकदा बसले की मध्येच उठून जाता येत नाही, आणि दोघे शेजारी बसून एकाच दिशेला पाहतात, डोळ्याला डोळा भिडत नाही. संकोची माणसाला हे बरे पडते. ठाण्यातही मी असल्या माणसाला कधी टेबलापलीकडे बसवले नाही.

थेट प्रश्न विचारायची सोय नव्हती. म्हणून मी मुलीच्या बापाचाच सूर लावला.

"आबा, त्या दिवशी आमच्याकडून पाहुणचारात काही कमी पडलं का?"

"छे छे! सगळं उत्तम होतं."

उत्तर फार लवकर आले. माझा अनुभव असा की स्वतःला वाचवणारा माणूस खोट्याला तिखटमीठ लावतो. दुसऱ्याला वाचवणारा वाक्य आखडते घेतो. आबांनी आखडते घेतले होते. मग ते वाचवत होते कोणाला?

"तुम्ही जेवला नाहीत, मी पाहिलं," मी म्हणालो. "माझ्या लेकीची शपथ आहे. काय ते सांगा."

होडी खाडीपलीकडच्या देरा भागाच्या धक्क्याला लागली. आम्ही उतरलो नाही, तसेच परतीला बसून राहिलो. आबांनी चष्मा काढून पुसला.

"साहेब, राग मानू नका. विहीणबाईंच्या हाताला तोड नाही. पण त्या फ्रिजमध्ये त्यांनी जे काही... सुके बोंबील ठेवले होते ना, तो वास मला सहन होईना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांना कसं सांगणार? म्हणून रुमाल नाकाला लावून बाहेर जाऊन उभा राहायचो."

मी चमकून त्यांच्याकडे वळलो. "आबा, तुम्ही येणार म्हणून आम्ही बोंबील आणलेच नव्हते! फ्रिजमध्ये फक्त श्रीखंड होतं."

"मग डोळ्यांना झोंबत काय होतं?"

त्या प्रश्नाने माझे डोके चालू लागले. नोकरीत असताना रत्नागिरीला एका बर्फाच्या कारखान्यात गळती झाली होती. तिथे पंचनामा करताना मीही असाच रुमाल नाकाला लावून रडत होतो. अमोनिया! मी होडीतच उभा राहिलो आणि नावाड्याने मला हिंदीत झापले.

जळकी कॅराव्हॅन शारजा औद्योगिक क्षेत्रातल्या एका गॅरेजात होती. आबांना घेऊन तिथे पोचेपर्यंत मी जावयालाही बोलावून घेतले. मिस्त्रीने समजावले, कॅराव्हॅनमधला असला फ्रिज घरच्यासारखा कॉम्प्रेसरवर चालत नाही. त्याच्या मागे गॅसची लहान ज्योत जळते, तिच्या उष्णतेने नळ्यांमधला अमोनिया फिरतो आणि आत गारवा येतो. नळीला चीर गेली की अमोनिया आणि त्याच्यासोबतचा, चटकन पेट घेणारा हायड्रोजन थेट ज्योतीपाशीच सुटतो. मिस्त्रीने फ्रिज बाहेर ओढला. खालच्या नळीला चीर होती आणि भोवती गळतीची खूण असलेली पिवळी पूड जमली होती. वाळवंटात गाडीखालचे गवत मात्र आगीनंतरही जसेच्या तसे उभे होते, हे मला तेव्हा आठवले.

फ्रिजच्या दारातल्या पट्टीवरचा क्रमांक जावयाने फोनवर तपासला आणि त्याचा चेहरा उतरला. या नळीत दोष असल्याचे कंपनीने केव्हाच जाहीर केले होते. असे फ्रिज परत मागवून फुकट दुरुस्त करून देत होते. पण कळवले होते अमेरिकेतल्या पहिल्या मालकाला. गाडी समुद्र ओलांडून आली, सूचना तिथेच राहिली. आणि घेताना आम्ही टायर पाहिले, पडदे पाहिले, क्रमांक कोणी पाहिला?

जावई तिथेच, तेलकट फरशीवर वडिलांच्या पाया पडला. "बाबा, मी चुकलो. कुठेही जायचं नाही तुम्ही." आबा त्याला उठवत म्हणाले, "अरे, पँट खराब होईल." दोघेही रडत होते. मलाही आवरले नाही, आणि त्या वेळी अमोनियाचा काही संबंध नव्हता.

घरी हकिगत ऐकून माझी पत्नी आधी थक्क झाली आणि मग पोट धरून हसली. "माझ्या स्वयंपाकाला वास येतो असं समजून हा माणूस उन्हात उभा राहिला? आबा, तुम्ही तेव्हाच सांगितलं असतंत, तर मी भांडले असते. पण गाडी वाचली असती!"

साक्षीदार भीतीने किंवा लोभाने गप्प बसतो, असे मी नोकरीभर मानत आलो. माणूस दुसऱ्याचा मान राखण्यासाठीही गप्प बसतो, आणि ते मौन फोडायला दरडावणी उपयोगाची नसते, हे मला आबांनी शिकवले. वाचकांना माझे सांगणे एवढेच. जुनी कॅराव्हॅन घेतलीत तर फ्रिजचा क्रमांक आधी तपासा. आणि उग्र वास आला, तर तो कोणाच्या घरचा आहे याचा विचार न करता गॅस बंद करून सगळ्यांना बाहेर काढा.

फ्रिज बदलून, भिंत दुरुस्त करून आम्ही पुन्हा वाळवंटात गेलो. नात आबांच्या मांडीवर बसली होती. पाने वाढली, आबांनी पहिला घास घेतला, थोडा वेळ चावला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "विहीणबाई, भात कच्चा राहिलाय!" माझ्या मुलीने आणि जावयाने टाळ्या वाजवल्या, आणि माझी पत्नी हसत हसत पातेले पुन्हा शेगडीवर ठेवायला उठली.