मेहरूणची गच्ची आणि दोन बादल्या पाणी

मेच्या शेवटी जळगावला जायचं ठरवणारा माणूस एकतर लग्नाला जातो नाहीतर आत्याकडे. मी आत्याकडे गेलो. जळगावातच मेहरूण भागात तिचं नवं घर झालंय. भोगवटा दाखल्यासाठी गच्चीवरचं पावसाचं पाणी जमिनीत मुरवायची सोय तपासायला महापालिकेच्या ओव्हरसियर मॅडम शुक्रवारी येणार होत्या. दाखला नाही तर नळ कायमचा जोडून मिळणार नाही. नाशिकच्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी, म्हणून घरात मी कागदपत्रांतला जाणकार. नानांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, फोन करून बोलावलं.

नाशिक ते धुळे रस्ता चांगला आहे, फक्त पहाटे निघा. धुळ्यात स्टँडजवळ शेवभाजी खाल्ली. ती तिखटच असते, कमी तिखट मागू नका, वाढणारा नुसता बघत राहतो. पुढे पारोळ्याला बस थांबली तेव्हा बाटलीतलं पाणी चहाइतकं गरम झालं होतं. किल्ला बघायला उतरणार होतो, पण उन्हाकडे पाहून बसूनच राहिलो. धुळ्याहून जळगाव अडीच तासांत येतं.

नाना एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. पाइप, पाणी गाळायला खडी-वाळू भरलेला ड्रम, शोषखड्डा, सगळं त्यांनी स्वतः बसवलेलं. "बठ्ठं काम मना हातनं शे," असं त्यांनी मला दोनदा ऐकवलं.

मॅडम अकराला आल्या. अर्जाला जोडलेले पाइपचे आणि खड्ड्याचे फोटो त्यांनी बाजूला ठेवले. फोटो सगळ्यांचे सारखेच येतात, असं त्या म्हणाल्या. मग गच्चीच्या लांबच्या कोपऱ्यात दोन बादल्या पाणी ओतायला लावलं आणि आम्ही सगळे खाली ड्रमपाशी येऊन उभे राहिलो. थेंबही आला नाही. नानांचा चेहरा उतरला. पाना आणून ते एकेक जोड उघडायला लागले. मला त्यांच्याकडे बघवेना.

आत्या वर खाटेवरच्या कुरडया उलटत होती. तिने कठड्यावरून वाकून सांगितलं, "पानी तं वरच थांबेल शे. बोळा कोन काढी?"

जळगावात उन्हाळ्यात गच्चीवरचं पाणी उतरायचं तोंड गोणपाटाच्या बोळ्याने बंद करतात आणि बोटभर पाणी साठवतात, म्हणजे स्लॅब तापत नाही. नानांनीही एप्रिलमध्ये तेच केलं होतं. पाणी रोज उन्हातच आटायचं, त्यामुळे बोळा त्यांच्या डोक्यातून गेला होता.

बोळा निघाला, ड्रममध्ये धार लागली. मॅडमनी सही केली आणि खाली शेरा लिहिला: उन्हाळ्यातला बोळा मृगाआधी काढावा. नाना तो शेरा आल्यागेल्याला हसत दाखवत होते. सुटल्यासारखं मलाही वाटलं.

परतीत सावद्याच्या केळ्यांची फणी घेतली. पिकलेली घेऊ नका, बसमध्ये काळी पडतात.

नाशिकला पोचल्यावर केळी ठेवली आणि दोन बादल्या घेऊन सोसायटीच्या गच्चीवर गेलो. आमचा पाइप निळा, रंगवलेला, ‘पर्जन्यजल संधारण’ अशा पाटीसकट आहे. पाणी ओतून खाली आलो. धार छान आली, पार्किंगच्या फरशीवर पडली आणि उताराने गटारात गेली. फरशीत पाणी आत जायला तोंडच नव्हतं, म्हणजे खाली शोषखड्डा नव्हताच. तो असल्याचं दरवर्षी महापालिकेला लिहून देतो, त्या कागदावर सही माझी असते.