उघाडीवरची गिरजाबाई

तिवरबेटावर बावीस घरं आहेत आणि गिरजाबाईच्या मते त्यातली एकवीस वालाच्या शेंगेतल्या अळीसारखी. आत राहायचं, आतलंच खायचं आणि शेंग सडली की दुसऱ्याच्या नावानं बोंबलायचं. बाविसावं घर तिचं स्वतःचं. त्यातल्या माणसांबद्दलही तिचं मत फार वेगळं नव्हतं, पण ती माणसं आता उरलीच नव्हती. नवरा महिपती अकरा वर्षांपूर्वी काविळीनं गेला. मुलगा हर्षद रोह्याला कंपनीत शिफ्टवर, एका खोलीत सून आणि टीव्हीसकट.

बेटावर जायचं तर वडखळला उतरून रिक्षानं धक्क्यावर यायचं, पुढं होडी. चारी अंगानं खाडी. भरतीला खाडीचं पाणी शेतापेक्षा उंच चढतं, म्हणून बेटाभोवती मातीचा बांध. आणि आत साठलेलं पावसाचं पाणी बाहेर जायला बांधाला एकच तोंड, ती उघाडी. दोन दगडी खांब, त्यांना पुढं-मागं दोन खाचा, पुढच्या खाचेत एकावर एक बसवलेल्या सात लाकडी फळ्या. भरतीला बसवायच्या, ओहोटीला काढायच्या. सांगायला काम इतकं सोपं, की कुठल्याही गाढवाला वाटावं आपल्यालाही जमेल.

जमत नव्हतं, ते डोळ्यांमुळे. उघाडीच्या बाहेर तिवरांची दाटी, आत गवत आणि लव्हाळा. धो धो पावसात दोन्हीकडचं पाणी गढूळ, दोन्हीकडचं एकाच पातळीत दिसणारं. कुठलं पाणी कुठल्याला रेटतंय ते डोळ्याला कळत नाही. महिपती ते जिभेला विचारायचा. आतल्या अंगानं उतरायचं, दोन फळ्यांच्या सांध्यावर बोट धरायचं आणि चाखायचं. सांध्यातून खारं लागलं तर खाडी अजून आत घुसू बघतेय, फळीला हात लावायचा नाही. गोडं लागलं तर खाडी उतरली, उचल फळी. तीस वर्षं त्यानं असा चिखल चाटला. त्याच्यामागं अकरा वर्षं गिरजाबाईनं चाटला. बेटाच्या भातावर कधी खारं पाणी फिरलं नाही, आणि त्याबद्दल कुणी तिला कधी चहासुद्धा विचारला नाही.

बांध राखायला बावीस घरांचा मिळून जोळ होता. उधाणाच्या दिवसांत घरटी एक माणूस बांधावर यायचा, आणि जोळाच्या वहीत प्रत्येक कामापुढं नाव असायचं. उघाडीपुढं नाव होतं महिपतीचं. अकरा वर्षं एका मेलेल्या माणसानं फळ्या उचलल्या आणि वहीला त्यात काही वावगं वाटलं नाही. गिरजाबाईलाही वाटलं नव्हतं. वही म्हणजे पुरुषांनी एकमेकांची पाठ खाजवायची जागा, असं तिचं मत. ज्येष्ठात ती वही वाळवीनं खाल्ली आणि नवी करायची वेळ आली, तेव्हा मात्र सगळं फिसकटलं.

ते फिसकटवलं तिच्या धाकट्या दिरानं. शरद गुरुजी. रामवाडीत दोन मजली घर, दारात पितळी पाटी, आणि निवृत्त झाल्यापासून समोर वर्ग नसल्यानं आलेली कासाविशी. ही रामवाडीकर मंडळी बेटावर ऋतूप्रमाणं उगवायची. भादव्यात गौरी-गणपतीला उकडीचे मोदक हाणायला. थंडीत पोपटीला, वालाच्या शेंगा गिरजाबाईनं तोडायच्या, भांबुर्ड्याचा पाला तिनं आणायचा, मडकं तिनं भरायचं आणि गुरुजींनी जाळाभोवती फिरत पाहुण्यांना सांगायचं, "ही आमची परंपरा." चैत्र-वैशाखात, बांधावर चिखलाच्या ढेपा टाकायच्या वेळी आणि प्यायचं पाणी होडीनं आणायच्या दिवसांत, परंपरेची कंबर दुखायची.

"वैनी, उन्हाळ्यात यायचं मनात होतं हो," जाऊबाई पद्मजा म्हणायची.

"मन हतंच ठेवून जा गो," गिरजाबाई म्हणायची. "माती वाहायला कामाला येईल."

तर नव्या वहीसाठी देवळात जोळ बसला. जोळाचा म्होरक्या जितेश. वय चाळीस, पोटाचा घेर साठीचा. तो पेन चावत म्हणाला, "उघाडीला कोनाचं नाव टाकायचं? महिपतीकाका तर आता..."

"मेला तो," गिरजाबाई दारातून म्हणाली. "तुमाना अकरा वर्सांनी कललं, ते बरं झालं. माझं टाक."

"काकी, वहीत घरटी पुरुषमाणूस लागतो. हर्षद हाय का?"

"हर्षदची जनरल, सेकंड आनि नाईट. त्याची भरती-व्हटी कंपनीच्या भोंग्यावर."

तेवढ्यात, वहीसाठी मुद्दाम होडीनं आलेले गुरुजी खाकरले. त्यांचं खाकरणं म्हणजे वर्गाला शांत बसायची सूचना. "वहिनींचं वय झालं आहे. आता त्यांनी हर्षदकडं सुखानं राहावं. आपल्या घराण्याचं काम, आपल्या घराण्यातच राहील. मी करीन. चार महिने इथंच राहतो. आणि हे असं बघा, भरती-ओहोटीचं मिनिटामिनिटाचं कोष्टक आता मोबाइलवर मिळतं. अंदाजपंचे कशाला?"

एकवीस घरांनी माना डोलावल्या. मोबाइलपुढं मान डोलवायला अक्कल लागत नाही.

गिरजाबाई घरी आली आणि चुलीपुढं बसली. रोह्याची ती खोली तिला माहीत होती. खिडकीतून समोरच्या खोलीची खिडकी. पाणी नळाला, तेही दुसरं कुणीतरी सोडणार तेव्हा. तिथं ती काय करणार? सुनेच्या मालिका बघणार आणि कुकरच्या शिट्ट्या मोजणार. उघाडी गेली तर बेटावर तिला राहायला कारण उरत नव्हतं, हे तिला जितकं कळलं होतं तितकंच हर्षदलाही. दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला. "आये, आता तर कायच नाय ना तिकडं? गनपती झाले का न्यायला येतो."

"ये," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मुलगा बापावर गेला नाही याचं तिला वाईट वाटत नव्हतं. कुणावरच गेला नव्हता याचं वाटत होतं.

गुरुजींनी पेणहून नव्या गुळगुळीत फळ्या करून आणल्या. महिपतीच्या सागाच्या सात फळ्या त्यांनी बांधावर काढून टाकल्या. "चुलीत घाला आता," म्हणाले. गिरजाबाईनं त्या एकेक करून घरी वाहिल्या आणि खाटेखाली रचल्या. दूरदृष्टी वगैरे काही नव्हती त्यात. सागाला आणि नवऱ्याला दिराच्या सांगण्यावरून जाळायचं नाही, एवढाच हट्ट.

चाखण्याबद्दल मात्र तिनं सांगितलं. उगाच कुणी म्हणायला नको.

"भावजी, सांध्याला बोट लावून चाखून बघा. मंगच फळी उचला."

गुरुजींनी त्या पाण्याकडं पाहिलं. त्यात एक मेलेला निवट्या मासा आणि म्हशीचं शेण तरंगत होतं. "वहिनी," ते म्हणाले, "मी विज्ञान शिकवलंय तीस वर्षं."

"मंग कायतरी शिकलाही असाल," ती म्हणाली आणि निघून गेली.

आषाढी अमावास्येच्या आधी तीन दिवस पाऊस थांबला नाही. रोपं वीतभर झाली होती आणि आत पाणी गुडघ्याला लागलं. अमावास्येला दुपारी जितेश आणि दोघंचौघं उघाडीवर आले. "गुरुजी, रोपं बुडाली. काढा फळ्या."

गुरुजींनी छत्रीखाली मोबाइल काढला. "भरती बारा चाळीसला होती. आता दोन चाळीस झाले. म्हणजे दोन तास पाणी उतरतंय. काढा."

ते कोष्टक होतं मुंबईच्या बंदराचं. मुंबईचं पाणी मुंबईत फुगतं; तिथून खाडीत शिरून, वळणं घेत, तिवरं हलवत बेटाशी पोचायला त्याला सवा तास लागतो. म्हणजे इथं भरती टिपेला पोचून जेमतेम पाऊण तास झाला होता, आणि बाहेरचं पाणी अजून आतल्यापेक्षा वर होतं. बेटावर जन्मलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. गुरुजीही बेटावरच जन्मले होते. पण पंचेचाळीस वर्षं पंख्याखाली बसलं की माणूस आपलं पाणी विसरतो, आणि बाकीचे बेटावर राहूनही गुरुजींच्या हातातल्या काचेकडं बघत उभे राहिले, हा तर आणखी वरचा मूर्खपणा.

तीन फळ्या निघाल्या. चौथीला हात घालायच्या आत खाडी आत आली.

गिरजाबाई पडवीत बोंबील निवडत होती. तिला आधी आवाज कळला. आतलं पाणी बाहेर पडतं तेव्हा ते खळखळतं. हा आवाज जाडा होता, घशातून आल्यासारखा. ती उठली, खाटेखालची पहिली फळी ओढून खांद्यावर घेतली आणि वाटेत शेजारच्या दाराला लाथ घातली. "खारं शिरलं. माझ्या खाटंखाली सहा फळ्या हाईत. जेवढी हाडं हाईत तेवढी घेऊन या."

उघाडीवर खालच्या चार फळ्या तिरक्या होऊन खाचेतून निघाल्या होत्या आणि लोंढ्याबरोबर शेतात गेल्या होत्या. गुरुजी छत्री धरून उभे होते. अजून छत्री. त्यांच्या तोंडातून, "असं कसं... कोष्टकात तर..." एवढंच येत होतं.

"कोष्टकाला बोलवा मंग फळ्या बसवायला," ती म्हणाली. पदर खोचून ती मागच्या खाचेपाशी, आतल्या अंगाला, कमरेएवढ्या पाण्यात उतरली. पुढच्या खाचेच्या कडा फळ्यांबरोबर उखडल्या होत्या, पण मागची खाच धड होती. महिपती म्हणायचा, ती खाच अशाच एखाद्या शहाण्यासाठी ठेवलेली असते. पहिली फळी तिनं आडवी धरली, जितेशनं दुसरं टोक खाचेत घातलं. पाणी फळीला वर उचलायला लागलं.

"वजन पायजेल," ती म्हणाली. "भावजी, उतरा."

"मी?"

"तुमी. चाळीस वर्सं माझे मोदक खाऊन केलंय ते वजन. आज कामाला येऊ द्या."

गुरुजी उतरले. चष्मा गेला, चप्पल गेली, छत्री तर आधीच शेतात पोचली होती. फळीवर उभं राहून, दोन्ही खांब धरून, ते पहिल्यांदाच जोळाच्या उपयोगी पडले. एक दाबली की वर दुसरी, तिसरी. सातवी बसली तेव्हा साडेतीन होऊन गेले होते. सांध्यांत पेंढा आणि चिखल कोंबला. उघाडीजवळचे दोन तुकडे मात्र खाऱ्या पाण्याखाली गेले. एक गुरुजींचा आणि एक गिरजाबाईचा. वाटणीत उघाडीकडच्या सखल तुकड्यांतला एक महिपतीनं स्वतःला ठेवला होता आणि एक भावाला दिला होता. त्या दोन्ही तुकड्यांतली रोपं आता गेल्यात जमा होती. बाकीची वाचायची, तर आत आलेलं पाणी आजच्या ओहोटीला काढायलाच हवं होतं. मुळं रात्रभर खाऱ्यात राहिली की संपलं. लवकर काढलं तर पुन्हा खाडी आत, उशीर केला तर अर्धं पाणी आतच.

जितेशनं सांध्याला बोट लावलं, चाखलं, थुंकला. मग आतलं पाणी चाखलं. "काकी, दोन्ही खारीच लागतान."

"लागतीलच," ती म्हणाली. आता आत मचूळ होतं आणि बाहेर खारट. त्यातला फरक एका जिभेला कळत होता आणि ती जीभ पदर पिळत घराकडं निघाली होती.

"कुठं चालल्या?"

"बोंबील निवडायचे ऱ्हायलेत. उघाडी ज्याच्या नावावर हाय त्याला इचारा."

अर्ध्या तासानं सगळा जोळ तिच्या अंगणात भिजत उभा होता. गुरुजी मागं, गोणपाट पांघरून. जितेश म्हणाला, "काकी, असं करू. वहीत हर्षदचं नाव टाकतो. काम तुमी करा."

"म्हंजे आधी मेलेला, आता नसलेला." तिनं एका बोंबलाचं डोकं मोडलं. "माझं नाव टाक, नायतर जीभ शोध."

"पन आजवर कंदी बायमाणसाचं..."

"बघ हां. पानी काय तुझ्या आजवरसाठी थांबत नाय."

जितेशनं मागं पाहिलं. या माणसांनी आयुष्यात एवढं एकच चांगलं काम केलं, की त्या वेळी तोंडं बंद ठेवली. वही प्लास्टिकच्या पिशवीतून निघाली. त्यानं खोडलं, लिहिलं आणि पुढं केली.

गिरजाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं वही उलटी-सुलटी पाहिली आणि पडवीच्या कोपऱ्यात उभ्या, गुरुजींबरोबर बेटावर राहायला आलेल्या पद्मजाकडं दिली. "वाच गो. तू आणि तुझा नवरा शिकलेली हाव."

पद्मजानं नवऱ्याकडं पाहिलं, मग वहीकडं. "उघाडी. गिरजा महिपती म्हात्रे."

"पुन्ना वाच."

पद्मजानं पुन्हा वाचलं, या वेळी जरा मोठ्यानं.

गिरजाबाईनं हात धुतले, सुपावर टोपली पालथी घातली, आणि बांधावरून चालू लागली. मागून एकवीस घरांची रांग. ती आतल्या अंगानं उतरली, सातव्या फळीच्या सांध्यावर बोट धरलं, जिभेवर ठेवलं, डोळे मिटले. मग थुंकली.

"काढायच्या का, काकी?" जितेशनं फळीला हात घातला.

"हात काढ. आजून खारं हाय," ती म्हणाली आणि बांधावर फतकल मारून बसली. "बसा सगली. मी सांगेन तवा."

आणि ती सगळी, गुरुजींसकट, चिखलात बसली.