पासिंग झालेली गाडी

माझ्या बायकोला माझं सगळं ठाऊक आहे — मी कशावर रुसतो, शाळेत कुणाशी माझं पटत नाही, डॉक्टरांपासून काय लपवतो. हे तेवढं ठाऊक नाही. तिला नाही, पोरीला नाही, कुणालाच नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुमची-माझी रोज गाठ पडत नाही. आणि बघा — सांगायला बसलो तरी सुरुवात गाडीपासून करतो आहे. माणसापासून करायला हवी होती ना?

तर गाडी. पंधरा वर्षं पुरी झालेली, म्हणून पुन्हा पासिंग करून आणायची होती. सगळे म्हणाले, सर, एजंट धरा, नाहीतर चकरा मारत बसाल. मी भोकरदनला शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो. एजंट कसा धरणार? स्वतः रांगेत उभा राहिलो. तपासणाऱ्यांनी गाडी नीट बघितली, ब्रेक दाबून बघितले, त्या दिवशी ते लागलेसुद्धा, आणि गाडी पास झाली. त्यांच्याकडे बोट दाखवायला जागा नाही. चूक पुढे सुरू झाली, ती माझ्या तोंडामुळे. काय मिरवलं मी! शिक्षकांच्या खोलीत, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत — 'सरळ मार्गानं पास केली.' शेवटी शेवटी पोरं माझ्या पाठीमागे नक्कल करायला लागली. मला तेही आवडायचं.

मग एकदा इंजिन ऑइल बदलायला भास्कर मिस्त्रीकडे गेलो. भास्कर तोंडाळ माणूस. साधं पंक्चर असलं तरी मयताला आल्यासारखं तोंड करतो. न सांगताच त्यानं मागचं चाक खोललं आणि मला वाकायला लावलं. आत ओलं होतं.

"सर, ब्रेकचं ऑइल गळून राह्यलं. एक दिवस पायडल खालीच जाईल. गाडी हितंच ठेवा, सामान मागवतो."

मी म्हणालो, आत्ताच तर पास झाली. तो म्हणाला, "त्या दिवशी लागला असल. रोज लागल असं न्हाई."

तिथे बाकड्यावर दोघं-तिघं बसले होते. एक जण हसला. "मंग पास कशी केली सर?"

बस, एवढंच. तुम्हाला वाटेल, एवढ्याशा हसण्याचं काय? पण मला ते फार झोंबलं. गाडी तिथे ठेवली असती तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं की सरांनीही पैसे चारले असणार. मी भास्करला चाक बसवायला लावलं, आणि दोन दिवसांनी जालन्याला एका मोठ्या गॅरेजमध्ये गेलो. दुसरं मत घ्यायला, असं मी स्वतःलाच सांगितलं. पण गेल्या गेल्या काय बोललो माहीत आहे? — "नुकतीच पासिंग झालीय, आमच्या गावचा मिस्त्री उगाच घाबरवतो, तुम्ही फक्त एक चक्कर मारून बघा." फक्त चक्कर. चाक खोला, असं मी म्हटलंच नाही. ओलं दिसलं होतं, हेही म्हटलं नाही. त्यानं चक्कर मारली, कचकन ब्रेक दाबला, गाडी उभी राहिली. "बिलकुल ओके," तो म्हणाला. असं दुसरं मत मी मिळवलं. मिळवलं कसलं, त्याच्या तोंडात घातलं.

आता माणसाकडे येतो.

रशीदभाई. स्वतःची गाडी नाही, पण भोकरदनमध्ये कुणाची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणायची असली की गाडी कुणाचीही असो, चालवायला रशीदभाईच लागायचे. हिंदू, मुसलमान, आम्ही बौद्ध — सगळ्यांच्या लेकी त्यांनी आणलेल्या. खड्डा आला की गाडी अशी उतरवायचे की मागच्या सीटवरची झोपलेली बाई जागी व्हायची नाही. आयाबाया दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायच्या नाहीत. माझ्या बायकोलाही तिच्या वेळी त्यांनीच तिच्या माहेरी नेऊन सोडलं होतं. त्यांचं दुसरं काही नव्हतं — शेत नाही, दुकान नाही. ही अब्रू होती.

शेजारच्या गौतमरावांची प्रज्ञा सासरहून आणायची होती. गौतमरावांनी माझी गाडी मागितली. शेजारधर्म, नाही कसं म्हणणार? पण एक वाक्य तर बोलता आलं असतं — ब्रेक एकदा दाखवून घ्या. ते बोलायला माझी जीभ उचलली नाही. रशीदभाई चावी घ्यायला आले तेव्हा मी काय म्हणालो? "पासिंग झालेली गाडी आहे, बिनधास्त जा."

येताना धावड्याच्या उतारावर ब्रेक लागला नाही. पुढे बैलगाडी होती. रशीदभाईंनी गाडी रस्त्याकडेच्या नांगरलेल्या रानात घातली. ढेकळांत धडपडत ती बांधाला जाऊन अडली. प्रज्ञाला काही झालं नाही, बाळही पुढे सुखरूप झालं. तिची आई सुमनताई पुढच्या सीटवर होत्या. त्यांचा हात मोडला. तो आजही सरळ होत नाही. भाकरी थापताना त्या कोपर कमरेला टेकवून थापतात, आणि ते मला आमच्या खिडकीतून दिसतं.

आम्ही पोचलो तेव्हा रशीदभाई ढेकळांत बसले होते. "ब्रेक लागलाच न्हाई सर. दोनदा दाबला, खाली गेल्ता." गौतमरावांनी माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. खरं बोलायला तेव्हा किती वेळ लागला असता? मी म्हणालो, "गाडी नुकतीच पास झालीय. वर जालन्याला दाखवून आणलीय." यात एक शब्द खोटा नव्हता. म्हणूनच ते इतकं चांगलं बसलं.

पुढच्या आठवड्यात गाडी मी भंगारात दिली. चाक कुणी खोलून बघू नये म्हणून. लोकांना सांगितलं, आता ती डोळ्यांसमोर नको वाटते.

एवढ्यावर थांबलो असतो तर — नाही, तरीही नीचपणाच होता. पण मी थांबलोही नाही. भास्कर मिस्त्री बाजारात भेटला. चार माणसं बरोबर होती त्याच्या. त्यानं सरळ विचारलं, "सर, ते चाक खोललं होतं का नंतर कुणी?" मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "हो तर. जालन्याला. नवीन सामान टाकलं." त्यानं बरोबरच्या माणसांकडे वळून बघितलं. मग म्हणाला, "मंग रशीदचीच चुकी."

भास्करचं तोंड गावभर चालतं, हे मला ठाऊक नव्हतं का? ज्या एका माणसानं खरं सांगितलं होतं, त्याच्याच तोंडून मी रशीदभाईंना दोषी ठरवलं. भास्कर म्हणतो म्हटल्यावर कोण शंका घेणार? त्यानंतर रशीदभाईंना कुणी लेक आणायला बोलावलं नाही. आता ते मेहुण्याच्या कापडदुकानात बसतात. गिऱ्हाइकानं उलगडून टाकलेल्या साड्यांच्या घड्या घालतात. मी त्या दुकानात जात नाही. बायको जाते, परत आली की म्हणते, हात बघा त्यांचे, किती हळू घडी घालतात.

एक राहिलं. अपघातानंतर महिनाभरानं असेल, ते घरी आले होते. आत या म्हटलं तरी येईनात, ओट्यावरच उभे राहिले. म्हणाले, "सर, भास्कर म्हणतो सामान नवं होतं. मंग माझाच पाय सरकला असल. मी लय इच्यार केला, मला आठवतच न्हाई आता बराबर. तुमच्या गाडीचं वाटोळं झालं माझ्यामुळं. माफ करा."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. बायको दारात उभी राहून बघत होती, आणि मी म्हणालो — "जाऊ द्या रशीदभाई, केलं माफ."