काढलेली चार मिनिटं

“तेवढी चार मिनिटं काढा. रक्त फार आहे त्यात,” शो ठेवणाऱ्या समितीचे अध्यक्ष म्हणाले.

साताऱ्याच्या हॉलमध्ये शो सुरू व्हायला दोन तास होते. आमच्या पिक्चरचे मेकअपमन बिरूअण्णा जतहून एसटीनं निघालेही होते.

मी फिल्म एडिटर. म्हणजे शूट केलेले तुकडे जोडणारा माणूस. कोणता शॉट पडद्यावर किती वेळ ठेवायचा आणि कुठे कापायचा, हे ठरवणं माझं काम. माझी निम्मी नोकरी भडक, मारधाडीच्या पिक्चरांत गेली. लोक त्यांना नाकं मुरडतात. बघून मुरडली तर माझं काही म्हणणं नाही. न बघता मुरडणाऱ्यांचा मात्र मला मनापासून संताप येतो.

हा पिक्चर जतच्या माळावर शूट केलेला. टँकरच्या पाण्यावरून दोन भावांचं भांडण होतं, धाकटा थोरल्यावर कुऱ्हाड घालतो आणि अख्खं गाव त्याच्या मागे लागतं. मेकअप बिरूअण्णांचा. त्यांचं घर मेंढपाळांचं. लांडग्यानं फाडलेली मेंढरं त्यांनी लहानपणापासून शिवलेली, त्यामुळे जखम कशी उघडते, तिच्या कडा कशा वळतात, हे त्यांना शिकवावं लागलं नाही. त्यांचं रक्त काकवीचं असायचं. त्यात खायचा लाल रंग आणि चिमूटभर कॉफी. तीन भांड्यांत तीन तऱ्हा: ताजं, दाटलेलं आणि सुकत आलेलं.

त्या चार मिनिटांत धाकटा आपणच केलेली जखम डोक्याच्या पटक्यानं दाबून धरतो. रक्त हळूहळू दाटत जातं. डायलॉग एकही नाही. मी तिथे मुद्दाम कट कमी ठेवले होते. बघणाऱ्याला नजर चुकवायला जागा मिळू नये, एवढाच हेतू.

“शो फक्त मोठ्या माणसांसाठी आहे. पासवर तुम्हीच छापलंय,” मी म्हणालो.

“अहो, प्रतिष्ठित मंडळी येणार. कलेत काही सौंदर्य नको का? नाहीतर शोच रद्द करू.”

“तुम्ही पाहिलीत ती चार मिनिटं?”

“छे! असलं मला बघवत नाही.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण शोनंतर अण्णांचा सत्कार होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना स्टेजवर बोलावलं होतं. शो रद्द झाला असता तर म्हातारा स्टँडवरूनच परत गेला असता. मी लॅपटॉप उघडला आणि चार मिनिटं काढून टाकली. कुऱ्हाड वर जाते, कट, थेट जीपचा पाठलाग.

हॉल भरला. कुऱ्हाड वर गेली, जीप सुटली आणि मागच्या रांगांतून शिट्टी आली. मग टाळ्या. सख्ख्या भावाचा खून झाला होता आणि लोक मजेत होते. अध्यक्षांनी वळून माझ्याकडे बघत समाधानानं मान डोलावली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रक्तासकट तो खून अंगावर यायचा. रक्त पुसलं आणि त्याचा खेळ झाला.

मध्यंतरात अण्णा माझ्या लॅपटॉपच्या टेबलापाशी आले.

“माझं काम कुठं हाय?”

“अध्यक्षांनी काढायला सांगितलं, अण्णा.”

“त्येस्नी काय कळतंय? तुला तर कळत व्हतं न्हवं? भाऊ मेलाय तिथं, आन लोकं शिट्ट्या मारत्यात रं! असल्या कामाची शाल नगं मला.”

मी माईक घेतला.

“या पिक्चरातली चार मिनिटं मी काढली होती. आता ती लावतोय. ज्यांना बघायची नाहीत त्यांनी बाहेर चहा घ्यावा.”

“बंद करा ते!” अध्यक्ष ओरडले. “कुणाच्या परवानगीनं?”

“आधी बघा. मग हव्या तेवढ्या शिव्या द्या.”

ते बघायला थांबले नाहीत. दहा-बारा जण त्यांच्यामागे बाहेर गेले. मी चार मिनिटांसकटचा जुना कट लावला.

कुऱ्हाड पडली. शिट्टी आली नाही. धाकट्यानं पटका काढला आणि जखमेवर धरला. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी पदर तोंडाला लावला, पण नजर हलवली नाही. बोटांमधून रक्त आलं, दाटलं, काळपट झालं. तेवढ्यात मागून, मगाशी शिट्ट्या वाजल्या त्याच रांगेतून, कुणीतरी कळवळून ओरडलं, “आरं, दाब की! आजून दाब घट्ट!”

अण्णा भिंतीला टेकून उभे होते. ते पडद्याकडे बघत नव्हते. त्या रांगेकडे बघत होते.

सत्कार झाला नाही. अध्यक्ष शाल-श्रीफळ घेऊन निघून गेले होते. त्या समितीनं मला पुन्हा बोलावलेलं नाही आणि मीही गेलो नसतो. त्या माणसावरचा माझा राग अजून तसाच आहे. पण त्यानं नुसतं तोंड चालवलं होतं. कापलं मी.