उसनं उपटलेलं गवत

२०२४ साल, आश्विन महिना. पाऊस सरलेला, गवत मांडीपर्यंत आलेलं. आमच्या केंद्रावर किस्सेही तसेच वाढतात. एक उपटला की मुळाशी दुसरा असतो.

पनवेलपासून आत, डोंगराच्या पायथ्याशी आमचं केंद्र आहे. तिथल्या एका खोलीत पृथ्वीचं चुंबकबळ मोजणारं यंत्र आहे. मी त्या खोलीचा राखणदार. शिक्षण चौथी, नोकरी एकतीस वर्षं.

०

त्या खोलीत लोखंड चालत नाही. खिळे तांब्याचे, बिजागऱ्या पितळेच्या. आत जाणाऱ्याने किल्ल्या, बेल्ट, मोबाइल दाराबाहेरच्या लाकडी पेटीत ठेवायचे.

एकदा मोठे पाहुणे आले. बेल्ट काढायला तयार होईनात. म्हणाले, "मी कोण आहे माहीत आहे का?"

मी म्हणालो, "मला माहीत हाय. यंत्राला नाय."

पाहुण्यांनी एका हाताने पँट धरून यंत्र पाहिलं.

०

खोलीभोवतीच्या गवतालाही विळा लावत नाहीत. हाताने उपटतात. म्हणून नियम असा, की जो लोखंड आत नेईल त्याने भिंतीपासून कुंपणापर्यंत गवताचा एक पट्टा उपटायचा. एका शास्त्रज्ञाने खिशातल्या टाचणीपायी सगळी दुपार उकिडवं बसून काढली. हा नियम मीच सगळ्यांना पाळायला लावतो. एकतीस वर्षांत माझ्यावर ती वेळ आली नव्हती.

०

यंत्राची रेघ कॉम्प्युटरवर उमटते. ती वाचतात सुलभा मॅडम. मी एकदा विचारलं, "ही मधूनच खाली का बसते?"

मॅडम म्हणाल्या, "सूर्याकडून झोत येतो. तो पृथ्वीच्या चुंबकी कवचावर आदळला की रेघ आधी टुणकन वर उडते. मग हजारो मैलांवर, पृथ्वीभोवती गोल फिरणारी वीज वाढते. तिचं चुंबकबळ पृथ्वीच्या उलट पडतं, म्हणून आपली रेघ खाली येते."

"तारा कुठं हायेत?"

"तारा नाहीत."

"खांब?"

"खांबही नाहीत, काका."

"मग बिल कोणाला येतं?"

मॅडम हसल्या. पण जाताना त्यांनी सांगितलेलं मी लक्षात ठेवलं. "ही वीज भरते पटकन, ओसरते सावकाश. दोन-तीन दिवस लागतात."

०

मग नवे साहेब आले. खारघरचे, मशीन दुरुस्तीतले हुशार. आल्या आल्या त्यांना दिसलं, की रोज दुपारी चारला रेघ हलते. पंधरा मिनिटांनी परत जागेवर. साहेबांनी वरच्या ऑफिसला लांबलचक पत्र लिहिलं, की इथे रोज चुंबकी वादळ येतं.

मी एक दिवस चारला खोलीमागे जाऊन उभा राहिलो. चहा आणणारी मंदा भिंतीला सायकल टेकवून आत गेली होती. मी सायकल उचलून लांब नेली, आत रेघ जागेवर.

वादळाचा चहा साहेबच पीत होते.

तेव्हापासून त्यांना सगळीकडे लोखंड दिसायला लागलं.

०

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात. आदल्या संध्याकाळी मी पूजेसाठी घरून आणलेला विळा दाराबाहेरच्या पेटीत ठेवला, रजिस्टरात आत जायची वेळ लिहिली, आणि यंत्राच्या चौथऱ्याला झेंडूचं फूल वाहून आलो. दरवर्षी वाहतो.

सकाळी साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काका, विळा आत नेलात?"

"नाय नेला."

"रजिस्टरात वेळ तुमची आहे. रेघ त्याच मिनिटाला उडाली. मग जी बसली ती बसलीच."

मॅडम रजेवर होत्या. इंटरनेट बंद होतं. दुसऱ्या केंद्रांवर काय झालं, हे विचारायची सोय नव्हती.

मी म्हणालो, "सायकल आठवा, सायेब. लोखंड काढलं की रेघ जागेवर येते. माझा विळा रातभर पेटीत हाय, रेघ अजून खाली हाय. हे वरचं, सूर्याचं काम हाय."

"मला शिकवू नका. पट्टा उपटा."

"उपटतो. नियम माझ्याच तोंडचा हाय. पण हा पट्टा तुमचा. मी उसना देतो."

सणाच्या दिवशी, सगळ्यांच्या देखत, उन्हात बसून मी गवत उपटलं. मान खाली घातली ती फक्त गवतासाठी.

०

रेघ तीन दिवस हळूहळू वर चढत होती. मी रोज येता-जाता बघत होतो.

दसरा झाला, मॅडम आल्या, इंटरनेटही आलं. त्यांनी देशातल्या दुसऱ्या केंद्रांच्या रेघा आमच्या रेघेखाली एकापाठोपाठ लावल्या. तेच मिनिट. तीच उडी. तसंच खाली बसणं.

मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं, "साहेब, काकांनी विळा एवढ्या ठिकाणी कधी नेला?"

मी माझ्या खुर्चीवर जाऊन बसलो.

०

दुसऱ्या दिवशी साहेब सगळ्यांच्या आधी आले. किल्ल्या, बेल्ट, घड्याळ पेटीत ठेवलं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि मी उपटलेल्या पट्ट्याला लागून खाली बसले.

मंदा चहा घेऊन आली. सायकल फाटकाबाहेर लावून आली. साहेबांनी मान हलवून नको म्हटलं.

दुपारी मी जवळ गेलो. नुसते शेंडे हातात येत होते.

"मुळासकट, सायेब."

"हो, काका."

संध्याकाळी मी पावलांनी मोजलं. भिंतीपासून कुंपणापर्यंत बावीस. माझाही पट्टा बावीसच होता.