मॉटलिंग

चाकणला गाड्यांच्या पेंट शॉपमध्ये तपासणीला लागले, तेव्हा जे इंग्रजी शब्द कानावर आदळले त्यातला एक होता मॉटलिंग. मेटॅलिक रंग सारखा न बसता कुठे गडद, कुठे फिका, ढगाळ ठिपक्यांसारखा दिसला की ते मॉटलिंग. मी मोबाइलवर अर्थ पाहिला. कबऱ्या शेळीपासून संगमरवरापर्यंत कशालाही हा शब्द चालतो म्हणे, माणसाच्या कातडीलाही.

मॉटलिंग समोरून चटकन दिसत नाही. ट्यूबलाइटखाली बाजूला उभं राहून तिरपं बघावं लागतं. सापडलं की मार्करने त्याभोवती गोल काढायचा. गोल काढलेला दरवाजा पुढे सरकत नाही, ज्याने रंग मारला त्याने येऊन उत्तर द्यायचं. मला हा नियम फार आवडतो. घरीदारी कुठेच तो पाळत नाहीत, म्हणून माझं डोकं कायम तापलेलं असतं.

त्या वर्षी धोंड्याचा महिना होता. धाकटी बहीण चऱ्होलीला दिलेली, दोन दिवसांपूर्वी माहेरी आली होती आणि धड बोलत नव्हती. तिचा नवरा धोंड्याचं जेवण जेवून संध्याकाळी तिला घेऊन जाणार होता. मी फर्स्ट शिफ्ट करून तशीच घरी आले. जावईबापू पाटावर ऐटीत बसलेले. आप्पा परातीत त्यांचे पाय धूत होते आणि बहीण तांब्यातून पाणी ओतत होती. मी दारात उभी होते, बाजूला. वरच्या ट्यूबलाइटचा उजेड तिच्या दंडावर पडला. पाण्याच्या शिंतोड्यांनी पावडर धुतली गेली होती. खाली निळं, जांभळं, कडेला पिवळं.

मी चपलांसकट आत गेले. तिचा हात धरला, खिशातला मार्कर काढला आणि प्रत्येक डागाभोवती गोल काढत सुटले.

"हे काय आहे?" मी त्याला विचारलं.

"जिन्यावरनं पडली."

"जिन्याला बोटं असतात का?"

त्याने परात लाथेने उडवली आणि माझ्या कानाखाली अशी वाजवली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी बहिणीच्या हातातला तांब्या हिसकावून त्याच्या कपाळावर हाणला. फरशीवर रक्त सांडलं. खरं सांगते, मला बरं वाटलं. अजूनही वाटतं. पण त्याने मला सोडून बहिणीचे केस मुठीत धरले आणि तिला दाराकडे फरफटत न्यायला लागला. "चल, बस गाडीवर!"

आई मध्ये पडली, तीही माझ्यावरच ओरडत. "अगं जावई हाय तो! धोंड्याच्या दिवशी हात उचलतीस?"

आप्पा अजून खालीच बसले होते. जावयाचे पाय धुतलेलं पाणी डोळ्यांना लावायची त्यांची रीत, ते हातावर तसंच होतं. ते उठले. आयुष्यात आम्हाला कधी चापटही न मारलेल्या त्या माणसाने जावयाची कॉलर धरली, त्याचं डोकं भिंतीवर आपटलं, एकदा, पुन्हा एकदा. मूठ सुटली. मग ढकलून त्याला दाराबाहेर ओट्याखाली पाडलं आणि दाराला कडी लावली. बाहेरून तो दारावर लाथा घालत होता, आमच्या सात पिढ्या काढत होता.

आप्पा धापा टाकत बहिणीसमोर बसले. दंडावरचे गोल एकेक करून पाहिले.

"तुला जायचंय का तिकडं?"

तिने मान हलवली. "न्हाई."

"मग सांगितलं का न्हाईस, बाई?"

"दिवाळीला सांगितलं हुतं, आप्पा," ती म्हणाली. "तुमीच नेऊन सोडलं मला."